पोलादावर कोरलेली तारीख

१८८३ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात फिरत असताना विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स कंपनीचे विक्रेते अँड्र्यू मॅकऑसलँड यांच्या पाहण्यात एक वापरलेली रायफल आली. एका वेळी एकच काडतूस घेणारी ती साधी बंदूक होती. नक्षी नव्हती, चांदीकाम नव्हते. मात्र चापाभोवतीची तरफ खाली ओढताच नळीमागचा जाड पोलादी ठोकळा सरळ खाली सरके आणि तरफ वर घेताच तो पुन्हा घट्ट बसे. नळीवर युटा प्रांतातील ऑग्डेन या गावाचे नाव होते. मॅकऑसलँड यांनी ती जुनी बंदूक विकत घेतली आणि कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथील कारखान्याकडे पाठवून दिली.

कारखान्याचा कारभार पाहणारे टी. जी. बेनेट हे कंपनीचे संस्थापक ऑलिव्हर विंचेस्टर यांचे जावई. विंचेस्टर मूळचे शर्ट तयार करणारे व्यापारी. त्यांचे निधन १८८० मध्ये झाले होते. बेनेट यांनी ती बंदूक पाहिली आणि थेट रेल्वेने ऑग्डेनची वाट धरली. त्यांना मोठ्या कारखान्याची अपेक्षा असेल, तर ती तेथे पोहोचताच मोडली असणार. समोर उभे होते एक लहानसे दुकान, त्यात काही भाऊ आणि त्यांचा प्रमुख असलेला अठ्ठावीस वर्षांचा एक उंच, अबोल तरुण. त्याचे नाव जॉन मोझेस ब्राउनिंग.

एका जुन्या बंदुकीची ही खरेदी शस्त्रांच्या इतिहासाला वळण देणारी ठरली. आज संग्राहक ज्या जुन्या विंचेस्टर रायफलींसाठी मोठ्या रकमा मोजतात, त्यांपैकी बऱ्याच या तरुणाच्या डोक्यातून उतरल्या आहेत. तरीही त्या बंदुकांवर त्याचे नाव शोधू गेल्यास ते सापडत नाही.

बापाची भट्टी

जॉन यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी ऑग्डेन येथे झाला. वडील जोनाथन ब्राउनिंग हेही बंदूक कारागीर. टेनेसीत जन्मलेल्या जोनाथन यांनी इलिनॉयमध्ये दुकान थाटले होते. मॉर्मन पंथ स्वीकारल्यावर ते आपल्या पंथीयांबरोबर पश्चिमेकडे सरकत गेले आणि १८५२ मध्ये युटात पोहोचले. त्यांनीही एक आवर्तनी रायफल बनवली होती. पेटीवाद्यासारख्या दिसणाऱ्या पोलादी पट्टीत अनेक बार भरून ती पट्टी आडवी सरकवायची, अशी तिची रचना होती. पंथाच्या रीतीप्रमाणे त्यांचे तीन विवाह झाले आणि बावीस अपत्ये झाली. मोठे कुटुंब, तुटपुंजी मिळकत आणि गावकऱ्यांच्या मोडक्या अवजारांनी भरलेले दुकान, हे जॉन यांचे बालपण.

दहाव्या वर्षी जॉनने वडील बाहेरगावी गेलेले पाहून अडगळीतील जुन्या बंदुकीची नळी आणि लाकडाचा एक तुकडा यांतून स्वतःची बंदूक तयार केली व रानकोंबड्या टिपून आणल्या, अशी आठवण त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वडिलांना शिकारीचे कौतुक होते, पण बंदुकीचे काम ओबडधोबड झाल्याची खंतही वाटली, असे त्या आठवणीचे दुसरे टोक आहे. पुढच्या आयुष्यात या माणसाने जे काही घडवले, त्यात साधेपणा राहिला. ओबडधोबडपणा मात्र पुन्हा आला नाही.

शाळेशी त्यांचा संबंध फार काळ टिकला नाही. यंत्रशास्त्राचे शिक्षण दुकानातच झाले. दुरुस्तीसाठी आलेली प्रत्येक बंदूक हा त्यांचा धडा. कोणता भाग कुठे झिजतो, कोणती कमान आधी तुटते, धूळ कुठे साचते, हे त्यांनी हातांनी शिकून घेतले. तपशीलवार आराखडे कागदावर काढण्याची त्यांची पद्धत नव्हती. मनात यंत्र पूर्ण उभे राहिले की ते पोलादालाच हात घालत.

तेविसाव्या वर्षी त्यांनी आपली एकबारी रायफल पूर्ण केली. १८७९ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात एकाच वेळी आनंद आणि शोक घेऊन आले. एप्रिलमध्ये रेचल चाइल्ड यांच्याशी विवाह झाला, जूनमध्ये वडील गेले आणि ७ ऑक्टोबरला त्या रायफलीचे पेटंट मंजूर झाले. मुलाची बंदूक वडिलांनी पाहिली, पण पेटंटची बातमी ऐकायला ते उरले नाहीत.

भावांनी मिळून दुकान वाढवले. धाकटे बंधू मॅथ्यू यांना व्यवहार कळत असे; ते जॉन यांचे आयुष्यभराचे आधार ठरले. वाफेच्या यंत्रावर चालणाऱ्या मोजक्या अवजारांच्या मदतीने त्यांनी ऑग्डेनमध्ये सुमारे सहाशे रायफली तयार केल्या. त्यांपैकीच एक फिरत फिरत मॅकऑसलँड यांच्या हाती पडली होती.

आठ हजारांचा सौदा

बेनेट यांनी हक्काची किंमत विचारली. ब्राउनिंग यांनी दहा हजार डॉलर सांगितले आणि आठ हजारांवर सौदा ठरला. दुकानात एकेक बंदूक घासून विकणाऱ्या भावांसाठी ही रक्कम स्वप्नवत होती. ती रायफल विंचेस्टरने मॉडेल १८८५ या नावाने बाजारात आणली.

या सौद्याची एक अट पुढील एकोणीस वर्षांचे नाते ठरवून गेली. विंचेस्टर शोध एकरकमी विकत घेई. बंदूक एक खपली काय किंवा दहा लाख खपल्या काय, शोध लावणाऱ्याला नंतर काहीही मिळायचे नाही. बंदुकीवर नावही कंपनीचेच राहणार. ब्राउनिंग यांनी ही पद्धत त्या वेळी निमूटपणे मान्य केली. त्यांना पैशापेक्षा मोकळा वेळ अधिक हवा होता. कारखान्याची कटकट दुसऱ्याने सांभाळावी आणि आपण नवे यंत्र घडवावे, ही त्यांची इच्छा या सौद्याने पुरी केली.

त्या भेटीनंतर लगेचच त्यांच्या मनात असलेली दुसरी बंदूक आकार घेऊ लागली. विंचेस्टरच्या तोवरच्या लिव्हर अ‍ॅक्शन रायफलींत एक मूलभूत अडचण होती. तरफ खाली-वर केली की रिकामी पुंगळी बाहेर पडे, नवे काडतूस नळीत जाई आणि घोडाही चढे. घोड्यावर बसल्या बसल्या चालवता येणारी ही योजना सोयीची होती. परंतु बार उडताना नळीचे मागचे तोंड बंद ठेवण्याचे काम गुडघ्यासारख्या वाकणाऱ्या दोन दुव्यांवर सोपवलेले होते. पिस्तुलाच्या ताकदीच्या काडतुसांना ते पुरेसे होते. सैन्यात वापरल्या जाणाऱ्या पंचेचाळीस-सत्तर या लांब आणि जोरकस काडतुसासाठी ती रचना योग्य नव्हती.

ब्राउनिंग यांनी दुवे काढून टाकले. त्यांच्या जागी दोन उभ्या पोलादी पट्ट्या आणल्या. तरफ वर येताच या पट्ट्या दोन्ही बाजूंच्या खाचांत चढतात आणि मागचा ठोकळा अडसर घातलेल्या दरवाजासारखा पक्का होतो. तरफ खाली ओढली की अडसर निघतो. १४ ऑक्टोबर १८८४ रोजी या रचनेचे पेटंट मिळाले आणि त्यातून मॉडेल १८८६ जन्माला आले. विंचेस्टरने यासाठी दिलेली रक्कम पहिल्या सौद्याच्या कितीतरी पट होती.

१८८७ ते १८८९ या काळात ब्राउनिंग पंथाच्या प्रचारासाठी जॉर्जियात गेले. हातातील हत्यारे खाली ठेवून दोन वर्षे ते खेड्यापाड्यांत हिंडले. त्या दिवसांतील एक प्रसंग कुटुंबीय सांगत असत. एका दुकानाच्या काचेत त्यांना स्वतःच योजलेली, विंचेस्टरने नुकतीच विक्रीला आणलेली लिव्हर अ‍ॅक्शन शॉटगन दिसली. त्यांनी ती हातात घेऊन सफाईने चालवून पाहिली. हा शोध याच माणसाचा आहे, असे सोबत्याने सांगितले, तेव्हा दुकानदाराचा त्यावर विश्वास बसला नाही. त्याला दोष कसा द्यावा? बंदुकीवर तर विंचेस्टरचे नाव होते आणि समोर धुळीने माखलेला एक प्रचारक उभा होता.

परतल्यावर कामाला पुन्हा वेग आला. १८८६ च्याच रचनेचे हलके आणि छोटे रूप बेनेट यांना तातडीने हवे होते. ब्राउनिंग यांनी ते महिनाभरात करून दिल्याचे सांगतात. ते मॉडेल १८९२. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती निघाल्या. त्यानंतर आले मॉडेल १८९४. त्याचे पेटंट २१ ऑगस्ट १८९४ रोजी मंजूर झाले. काळ्या दारूची जागा धूरविरहित दारू घेत होती. नव्या दारूचा दाब अधिक होता. विंचेस्टरने १८९५ मध्ये निकेलमिश्रित पोलादाची नळी बसवून याच बंदुकीत तीस-तीस हे काडतूस आणले आणि अमेरिकेतील हरणाच्या शिकारीची ती जणू ठरलेली बंदूक होऊन बसली. पुढच्या शंभराहून अधिक वर्षांत या मॉडेलच्या सत्तर लाखांवर रायफली तयार झाल्या. दहा लाखावी रायफल १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना भेट देण्यात आली.

त्यानंतरच्या मॉडेल १८९५ मध्ये काडतुसे नळीखालच्या नळकांड्याऐवजी चापापुढच्या पेटीत बसत. त्यामुळे टोकदार गोळ्याही वापरता येऊ लागल्या. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ च्या आफ्रिका मोहिमेत ही रायफल नेली होती. पहिल्या महायुद्धात रशियाने याच मॉडेलच्या सुमारे तीन लाख रायफली मागवल्या.

जुनी बंदूक कशी वाचावी

आज या रायफली लिलावघरांत आणि संग्राहकांच्या कपाटांत दिसतात. मॅकऑसलँड यांनी १८८३ मध्ये जे केले, तेच आजच्या खरेदीदारालाही करावे लागते. विक्रेत्याची कथा बाजूला ठेवून पोलाद आणि लाकूड काय सांगते, ते ऐकावे लागते.

पहिली पाहणी अनुक्रमांकाची. मॉडेल १८९४ च्या सुरुवातीच्या अनेक बंदुकांवर, दस्त्यात शिरणाऱ्या पोलादी पट्टीच्या वरच्या अंगाला, २१ ऑगस्ट १८९४ ही तारीख कोरलेली असते. नवखा ग्राहक तिला बंदुकीची जन्मतारीख समजतो. वास्तविक ती पेटंटची तारीख आहे. तीच तारीख पुढे अनेक वर्षे कोरली जात राहिली. खरे उत्पादनवर्ष अनुक्रमांकावरून काढावे लागते. अमेरिकेत या फरकाला कायद्याचेही वजन आहे. १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली बंदूक पुरातन मानली जाते. एका वर्षाच्या अंतराने तीच रायफल एका व्याख्येतून दुसरीत जाते. जुन्या विंचेस्टर रायफलींच्या कारखान्यातील नोंदवह्या वायोमिंग राज्यातील कोडी येथील संग्रहालयात जपलेल्या आहेत. बऱ्याच अनुक्रमांकांसाठी मूळ नळीची लांबी, काडतुसाचा प्रकार आणि बंदूक कारखान्यातून बाहेर पडल्याचा दिवस तेथून पडताळता येतो.

दुसरी पाहणी पृष्ठभागाची. कारखान्यातून आलेला निळसर काळा मुलामा काळानुसार तपकिरी होत जातो. हा उतार जाणकारांना प्रिय असतो. विक्रीपूर्वी कुणी चकाकी आणण्यासाठी बंदूक घासून पुन्हा मुलामा दिला असेल, तर कडा गोलावतात, कोरीव अक्षरे उथळ होतात आणि स्क्रूभोवती बशीसारखे खळगे पडतात. लाकूडही बोलते. मूळ दस्ता धातूच्या कडेपेक्षा किंचित उंच बसवलेला असे. तो धातूच्या खाली गेलेला दिसला, तर कुणीतरी काच कागदाने घासला असे समजावे. अशा उजळवलेल्या बंदुकीपेक्षा डाग पडलेली पण अस्सल बंदूक अधिक मोलाची ठरते.

तिसरी पाहणी आतली. बंदूक रिकामी असल्याची खात्री करूनच ती करायची. नळीतून उजेडाकडे पाहिले की पिळाच्या खाचा स्पष्ट दिसायला हव्यात. काळ्या दारूचे अवशेष ओलावा ओढून घेतात. वेळेवर साफसफाई न झालेल्या नळ्यांत म्हणूनच गंजाचे खड्डे आढळतात. तरफ सावकाश फिरवून तो अडसर पूर्ण वर चढतो का, घोडा अर्ध्या टप्प्यावर ठामपणे थांबतो का, हे पाहतात. या साऱ्या कसोट्यांवर उतरलेल्या बंदुकीतूनही जाणत्या कारागिराने तपासल्याशिवाय बार काढणे धोक्याचे. काळ्या दारूच्या काळातील पोलादाला आजच्या काडतुसांचा दाब झेपेलच असे नाही.

भारतीय वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५ ची सूट, दुरुस्ती करूनही चालू होणार नाही अशा जुन्या शस्त्रांपुरती आहे. चालू स्थितीतील बंदूक कितीही जुनी असली तरी तिला परवाना लागतो.

एकोणीस वर्षांनंतरचा निरोप

विंचेस्टरने ब्राउनिंग यांच्याकडून चव्वेचाळीस रचना घेतल्या. त्यांपैकी केवळ दहा उत्पादनात आल्या. उरलेल्या रचना प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागू नयेत एवढ्यासाठी विकत घेऊन कपाटात ठेवल्या गेल्या. पैसे पोहोचत होते, पण निर्मिती अंधारात राहत होती.

दरम्यान ब्राउनिंग यांचे लक्ष वेगळ्याच दिशेला वळले होते. १८८९ मध्ये नेमबाजी चालू असताना बंदुकीच्या तोंडातून सुटणाऱ्या वायूने आसपासचे गवत वाकते, हे त्यांनी पाहिले. वाया जाणारी ही ताकद बंदुकीचेच यंत्र चालवू शकेल, हा विचार त्यांना सोडेना. त्यातून वायूवर चालणारी मशीनगन, स्वयंचलित पिस्तुले आणि अखेर स्वयंचलित शॉटगन अशी मालिका उभी राहिली. तरफ ओढणाऱ्या हाताची गरजच त्यांनी संपवली.

ही शॉटगन विकताना मात्र ते एकरकमी सौद्याला तयार झाले नाहीत. खपणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे स्वामित्वधन मिळावे, अशी त्यांची मागणी होती. बेनेट यांना हा पायंडा नको होता. बोलणी लांबत गेली आणि १९०२ मध्ये संबंध तुटले. ब्राउनिंग रेमिंग्टन कंपनीकडे गेले. कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली यांची भेट ठरली होती, परंतु त्याच दिवशी दुपारी हृदयविकाराने हार्टली यांचे निधन झाले. ब्राउनिंग यांनी शॉटगनचा नमुना सोबत घेऊन समुद्र ओलांडला आणि बेल्जियममधील लिएजजवळचा एफएन कारखाना गाठला. पिस्तुलांच्या निमित्ताने तेथे त्यांची ओळख आधीच झालेली होती. एफएनने स्वामित्वधन मान्य केले आणि बंदुकीला ब्राउनिंग हे नावही दिले. अमेरिकेच्या बाजारात वीस वर्षे अनाम राहिलेला कारागीर युरोपात पिस्तुलाचा समानार्थी शब्द होऊन बसला.

या कीर्तीला काळी किनारही आहे. १९१४ मध्ये साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजांची हत्या झाली, ती ब्राउनिंग यांनीच योजलेल्या एफएन पिस्तुलाने. त्यातून पेटलेल्या महायुद्धात अमेरिका उतरली, तेव्हा सरकारने त्यांच्या मशीनगन व स्वयंचलित रायफलीचे हक्क मागितले. नेहमीच्या दराने स्वामित्वधन घेतले असते, तर मिळकत कितीतरी अधिक झाली असती. ब्राउनिंग यांनी घासाघीस न करता साडेसात लाख डॉलरचा प्रस्ताव मान्य केला. त्यांचे पुत्र व्हॅल त्याच युद्धात सैन्यात होते.

१९२३ मध्ये मॅथ्यू यांचे निधन झाले आणि चाळीस वर्षांची साथ सुटली. वृद्ध जॉन लिएजला येत-जात राहिले. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी एफएन कारखान्यातच, पुत्राच्या कचेरीत, हृदय बंद पडून त्यांनी देह ठेवला. वय एकाहत्तर होते आणि पेटंटांची संख्या एकशे अठ्ठावीस. नव्या पिस्तुलाचे काम अपुरे होते; ते एफएनमधील दियूदोने सैव्ह यांनी पूर्ण केले. हाय-पॉवर या नावाने ओळखले जाणारे ते पिस्तूल पुढे पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात बनू लागले आणि भारतीय सैनिकांच्या कमरेला आले. ब्राउनिंग यांचा पार्थिव देह मायदेशी नेऊन ऑग्डेनच्या मातीत ठेवण्यात आला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक गमतीदार न्याय झाला. ब्राउनिंग कंपनीने १८८६, १८९२ आणि १८९५ या जुन्या मॉडेलांच्या प्रतिकृती जपानमधील मिरोकू कारखान्यात बनवून घेतल्या व त्यांवर ब्राउनिंग हे नाव कोरले. त्या सुबक आहेत, मजबूत आहेत. तरी ज्यावर शोधकाचे नाव आहे ती बंदूक संग्राहकाच्या लेखी नक्कल, आणि ज्यावर नाव नाही ती अस्सल.

मात्र नाव नाही म्हणून खूणही नाही असे नाही. एखादे जुने मॉडेल १८९४ हाती आले तर दस्त्याकडच्या पट्टीवर बोट फिरवून पाहावे. ग्राहकाला चकवणारी ती तारीख तेथे असते. बंदूक कधी बनली, हे ती सांगत नाही. ती कुणी योजली, याची तेवढी एकच नोंद त्या पोलादावर उरलेली आहे. आठ हजारांच्या त्या पहिल्या सौद्यापासून सारे काही कंपनीचे होत गेले; ही तारीख तेवढी ऑग्डेनच्या कारागिराची राहिली.